स्वतः शिवलेलं जनावर

स्टुडिओच्या कपडेखात्यात ती बावीस वर्षं शिवणकाम करत होती. सगळे तिला मावशी म्हणत. नटांच्या पँटी आखूड कर, नट्यांचे झगे सैल कर, यातच निम्मी हयात गेली. म्हणून एका भयपटासाठी अख्खं जनावर शिवायचं काम आलं, तेव्हा ती हरखून गेली. हाताशी जुनी ब्लँकेटं, पोती आणि फाटक्या गाद्यांतला काथ्या, एवढंच. एकोणीस दिवस मान मोडून बसली.

एका सकाळी ते एका दांडग्या नटाच्या अंगावर चढवलं. दिवे लागले आणि दिवेवाला फिस्सकन हसला. "मावशी, हे तर अंथरुणातून उठलेलं अस्वल!"

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती बघत राहिली. नट दिव्यासमोरून गेला, तशी मागच्या भिंतीवर त्याची सावली पसरली, आणि हसणारा दिवेवालाच दोन पावलं मागे सरला.

ती तडक दिग्दर्शकाकडे गेली. पोरगेलासा माणूस, पहिलाच सिनेमा.

"जनावर दाखवू नका. नुसती सावली दाखवा."

"अहो, पण तुमची एवढी मेहनत?"

"माझीच आहे ना? मग मीच सांगतेय."

त्याला पटलं. निर्मात्याला नाही. "शिवून घेतलं ते काय पेटीत ठेवायला? उद्या पूर्ण दिसलं पाहिजे. आणि मावशी, तुम्ही सुईदोऱ्याचं बघा!"

दुसऱ्या दिवशी निर्माता आला, तेव्हा मावशी फरशीवर बसून जनावर उसवत होती. फक्त एक पंजा शाबूत ठेवला होता. तो तोंडाला येईल ते बोलला. तिनं मान वर न करता शेवटची शिवण कापली. नवीन शिवायला सवड नव्हती. पंजाच्या सावलीवरच भागवावं लागलं. मावशीची नोकरी मात्र त्याच दिवशी गेली.

सिनेमा लागल्यावर ती नणंदेला घेऊन दुपारच्या खेळाला गेली. पडद्यावर पंजाची सावली जिना चढू लागली, तशी नणंदेनं तिच्या मनगटात नखं रुतवली.

"वहिनी, आलं का गं ते वर?" डोळे गच्च मिटलेले.

"नाही अजून," मावशी म्हणाली. हात तिनं सोडवून घेतला नाही.

पुढे ती एका दुकानात शाळेचे गणवेश शिवू लागली. चार महिन्यांनी दिग्दर्शक दुकानाच्या दारात उभा. "दुसरा सिनेमा करतोय. याल?"

"येईन. पण पहिल्या दिवसापासून दिवेवाल्याशेजारी बसेन."

"कबूल."

हातातल्या गणवेशाची बटणं लावून झाल्यावरच ती उठली.