घडी मोडायची राहिलेली साडी

ढालकिडा ज्वारीच्या दाण्याहून फार मोठा नसतो. लाल पाठ, तिच्यावर काळे ठिपके, आणि त्या टणक पाठीखाली पाठीहूनही लांब असे दोन पातळ पंख घडी करून ठेवलेले. उडायचं मनात आलं की ते पापणी लवायच्या आत उघडतात, बसला की पुन्हा आत. असेच पंख उपग्रहाला द्यावेत, म्हणजे एवढ्याशा डब्यात भलीमोठी सौरपाटी मावेल, या एका कल्पनेवर मी नांदेडात आठ वर्षं पीएचडी केली. केली म्हणजे करत राहिले.

कल्पनेत खोट नव्हती, खोट अर्जात होती. अर्जावर 'विषय' अशी एकच चौकट होती. मी तिच्यात भौतिकशास्त्र लिहिलं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, किडे इथं नकोत, वरच्या मजल्यावर न्या." वरच्या मजल्यावर प्राणीशास्त्र होतं. तिथल्या बाईंनी डबीत डोकावून किडा ओळखला, त्याचं सगळं कूळ सांगितलं आणि घडी हा काही आमचा विषय नाही म्हणून डबी माझ्या हातात परत दिली. सौरपाटीसाठीची चंदेरी मुलाम्याची पातळ फिल्म तपासायला मागच्या इमारतीत रसायनशास्त्राकडे जावं लागे. ते विचारत, ही फिल्म कुठल्या विभागाची? अवकाश तर कुणाच्याच मजल्यावर नव्हतं. माझं निम्मं संशोधन जिन्यावर झालं.

घरी औशाला मात्र विषयाची अडचण नव्हती. मी किड्याची डॉक्टर होणार, हे आईनं पहिल्याच वर्षी गल्लीत सांगून टाकलं होतं. संक्रांतीला गेले की शेजारचे काका करडईची काट्याकुट्याची फांदी घेऊन ओसरीवर हजर. फांदी माव्याच्या बारीक किडीनं काळी पडलेली.

"बाई, लई मावा पडलाय. काय मारू?"

"काहीच मारू नका काका. ढालकिडे येतील, ते खातील मावा."

"आन् न्हाई आले तर?"

काका तडक दुकानातून औषध आणून फवारत, आणि ज्या रानातून मी नमुने गोळा करणार, त्या रानात माझे नमुने उताणे पडलेले असत. तरीही दर संक्रांतीला ते मलाच विचारायला येत, याचं मला बरं वाटायचं. नांदेडात मला कुणी काही विचारत नव्हतं.

त्याच पहिल्या वर्षी आईनं लातूरच्या दुकानातून एक साडी आणली. जांभळी, जरीच्या काठांची. नव्या साडीची घडी आपल्या माणसाकडून मोडून घ्यायची, म्हणजे पहिल्यांदा त्याला नेसायला द्यायची, अशी आमच्याकडची रीत. ही घडी मी डॉक्टर झाले की मीच मोडायची, असं आईनं ठरवलं. तीन वर्षांत मोडू, असं मी सांगितलं. अंदाज शास्त्रीय होता, त्यामुळे चुकला.

आठव्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं. या खेपेस समितीचं समाधान झालं नाही, तर नोंदणी रद्द. आणि माझी फिल्म चिरत होती. उपग्रह उडायच्या आधी महिनोन्‌महिने गोदामात पडून असतो, म्हणून मीही ती घडी घालून, पट्टीनं दाबून कपाटात ठेवायची. उघडली की घडीच्या रेषेवर बरोबर चीर. चिरलेली फिल्म स्टीलच्या डब्यात घालून मी संक्रांतीला औशाची एसटी धरली.

आई लोखंडी पेटी उघडून बसली होती. मांडीवर ती जांभळी साडी.

"काय करायलीस?"

"घडी बदलायले. वरसाला बदलावी लागती. एकाच घडीत ऱ्हायली की काठाची जर चिरती."

मी डबा उघडून तिच्यापुढे धरला. तिनं फिल्म उजेडात धरून बघितली. "किती दिस एकाच घडीत ठिवलीस?"

"आठ महिने."

"मग चिरलच की! इतकं शिकलीस आन् येवढं कळंना व्हय? घडी दाबू न्हाई, माय. मधी मऊ फडकं घालावं, गोल ऱ्हाऊ द्यावी."

मला राग आला. तिचा नाही, स्वतःचा. ढालकिड्याचा पंख दुमडतो तिथं तो गोल वळतो, दाबला जात नाही, हे मीच तिसऱ्या प्रकरणात आकृतीसकट लिहिलं होतं. आणि स्वतःची फिल्म पट्टीनं दाबत होते, का, तर नीटनेटकी दिसावी.

नांदेडला परतल्यावर नवी फिल्म घेतली. घड्या गोल ठेवल्या, दर आठवड्याला जागा बदलली, लवकर झीज व्हावी म्हणून मधून मधून तापवलीही. समितीच्या दिवशी टेबलावरचे चहाचे कप बाजूला करायला सांगून मी घडीला बांधलेला दोरा ओढला. फिल्म सळसळत अख्खी उघडली. एकही चीर नाही.

विभागप्रमुख म्हणाले, चांगलं आहे, पण यात किडा दिसत नाही. प्राणीशास्त्राच्या बाई म्हणाल्या, किडा नाही तेच बरं. बाहेरून आलेले तज्ज्ञ चष्मा पुसत म्हणाले, "घडीची जागा बदलायची, ही पद्धत कुठून घेतली? संदर्भ?"

"आईकडून, सर."

"ते कुठं प्रसिद्ध झालंय?"

"औशात."

कुणी हसलं नाही. अर्धा तास मला बाहेर बसवून निर्णय झाला. काम समाधानकारक, पण संदर्भाअभावी सदर पद्धत प्रयोगानं स्वतंत्रपणे सिद्ध करावी, त्यासाठी विशेष बाब म्हणून एक वर्ष मुदतवाढ. नोंदणी वाचली होती. जिन्यात चार जणांनी अभिनंदन केलं, आणि खरं सांगते, मलाही आनंद झाला होता. मग मी आईला फोन लावला.

"झालीस का?" तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "सकाळीच पेटीतून काढून ठिवलीया मी."

"नाही गं. अजून एक वर्ष. तू सांगितलंस ते खरं आहे का, हे तपासून बघायचंय."

मागं पेटीची कडी वाजली.

"बरं. मग ह्या खेपंला घडी आडवी घालते," ती म्हणाली. "उभ्या घडीला आता जागा ऱ्हायली न्हाई."