शेवटच्या मॅट्रिक्समधला एक

इराणमधल्या झंजान विद्यापीठाच्या गणित विभागात अर्दलान बयात यांना फापटपसाऱ्याचा भारी तिटकारा. लघुतम उकल हाच त्यांचा विषय. एक वलय, म्हणजे बेरीज-गुणाकार चालणारी बीजगणिती रचना, घ्यायचं, त्याची समीकरणं मांडायची, मग समीकरणांमधले संबंध, मग त्या संबंधांमधले संबंध, आणि प्रत्येक पायरीवर गरजेपुरतंच ठेवायचं. दोन पायऱ्यांना जोडणाऱ्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या कोष्टकात, शून्य सोडून अक्षराविना नुसता आकडा दिसला, की कुणीतरी फुकट जेवतंय असं समजायचं आणि लगतच्या दोन्ही पायऱ्यांवरून एकेकाला हाकलायचं. बायकोच्या पाहुण्यांच्या यादीलाही बयात हीच कात्री लावत. सासुरवाडीत त्यांचं नाव कुणी प्रेमाने घेत नसे.

आपल्या लाडक्या वलयाची उकल त्यांनी अकरा वर्षं खपून हाताने केली होती. प्रत्येक पायरीवर उरलेल्यांचे आकडे एक, पाच, सहा, दोन. उलटे वाचले तर जुळत नाहीत, म्हणून वलय बेढब, हा त्यांचा सिद्धांत. पूर्ण प्राध्यापकीचा अर्ज त्याच्याच जिवावर शनिवारी जायचा होता.

मंगळवारच्या व्याख्यानात त्यांनी तेच पुन्हा फळ्यावर लिहिलं. नस्तरन नावाची नवी विद्यार्थिनी चाचरत उठली.

"उस्ताद, मी आपल्या पायाची धूळ, बोलायची माझी लायकी नाही, गुस्ताखी माफ असावी, पण..."

"दम लागेल, पोरी. मुद्दा बोल."

"शेवटच्या मॅट्रिक्समध्ये एक आहे. नुसता."

बयात वळले. खरंच होता. त्यांचे कान तापले. याच चुकीला त्यांनी तीस वर्षं पोरांचे गुण कापले होते. त्यांनी एक ओळ पुसली, एक रकाना पुसला; सहाचे पाच झाले, दोनाचा एक. उरलं एक, पाच, पाच, एक. उलटंसुलटं सारखंच. वलय कसलं बेढब, देखणं होतं! सिद्धांताचे मात्र बारा वाजले.

"आणखी कुणाला दिसला होता?"

चार हात वर झाले. त्यात मागच्या बाकावर पेला घेऊन बसलेले सहकारी, वीस वर्षांचे चहाचे सोबती डॉक्टर मुकद्दमही होते.

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं झाली असतील," मुकद्दम चहाच्या पेल्यात बघत म्हणाले. "इतक्या हौसेने लिहायचात, बयातसाहेब. कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"अहो, आणि निवड समितीने विचारलं असतं तर?"

"समितीत मीच आहे. मी कुठला विचारतोय!"

बयातांना हसावं की रडावं कळेना. प्राध्यापकी नुसत्या भिडेपोटी पदरात पडणार होती. त्यांनी बॅगेतून अर्ज काढला, सगळ्यांदेखत फाडला आणि खडू नस्तरनपुढे धरला.

"हे देखणं वलय तुझं. लिही पुढे."