दत्ताला सांगितलेलं खरं

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. शेतावर छातीत कळ आली, बीडला नेईपर्यंत सगळं संपलं, असं त्याचा मेहुणा सांगत होता. रडू आलं, भरपूर आलं. पण त्याच्याही आधी एक विचार मनात येऊन गेला... आता हा प्रयोग माझा एकटीचा. सव्वा महिना झाला, त्या विचाराची लाज अजून जात नाही. पण दत्तावर लिहायचं आणि स्वतःचा मत्सर झाकून ठेवायचा, हे काही मला जमणार नाही.

आम्ही एका वर्गातले. मी सिरसाळ्याची, तो आष्टीकडचा. मी पुढे शिकले, शेतीतल्या किडींवर डॉक्टरेट केली. तो पदवीवर थांबला आणि आमच्या संशोधन केंद्रात माझ्याच हाताखाली सहायक म्हणून आला. चारचौघांत मला ‘मॅडम’ म्हणायचा, एरवी ‘अगं’. शेडनेटमधल्या ढोबळी मिरचीवरचा लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, विषारी औषधांशिवाय आटोक्यात आणायचा, हे आमचं काम. लाल कोळ्याला खाणारे दुसरे कोळी आम्ही वाढवायचो आणि पानांवर सोडायचो. शेतकरी त्यांना मित्रकोळी म्हणायचे. औषध फवारलं की तेही मरायचे. अभ्यास माझा, प्रयोग माझा, आणि शेतावर गाडी थांबली की लोक विचारणार, “दत्ताभाऊ न्हाई आले का?” असा जीव जळायचा माझा!

पहिल्याच हंगामात मांजरसुंब्याजवळच्या भगवानरावांच्या शेडनेटमधले मित्रकोळी आठवड्यात नाहीसे झाले. मी विचारलं, “औषध फवारलं नाही ना?” भगवानराव गळ्याला चिमटा घेऊन म्हणाले, “आईची आन, न्हाई मॅडम.” म्हणजे उन्हानं मेले, असं मी ठरवलं. तापमानाचे तक्ते केले, बैठकीत उभं राहून ठासून सांगितलं. दोन दिवसांनी दत्ता चहाचे कप घेऊन माझ्या टेबलाशी आला. “अगं, उन्हानं न्हाई मेले. भगवानरावांनी फवारलंय.”

“कुणी सांगितलं तुला?”

“त्यांनीच.”

मला आईची शपथ आणि याला खरं! चहा तसाच गार झाला. मी अहवाल दुरुस्त केला, पण चूक कुणी दाखवली ते लिहिलं नाही. त्याचं नाव मुद्दाम गाळलं. त्यानं तो अहवाल वाचला आणि म्हणाला, “बरं झालं, पुढल्या वर्षी मित्रकोळी तरी वाचतील.” भांडला असता तर मी माफी मागितली असती. तो कधी भांडलाच नाही, त्याचाही मला राग यायचा.

तो गेल्यावर मागच्या आठवड्यात मी एकटीच भगवानरावांकडे गेले. पानामागे एकही मित्रकोळी दिसेना. हंगाम हातचा जाणार होता आणि कारण कळल्याशिवाय पुढे काही करता येणार नव्हतं. मी विचारलं, “फवारलं नाही ना?”

“न्हाई मॅडम.”

मग मला राहवेना. “भगवानराव, खरं सांगा. दत्ताला तुम्ही सगळं सांगायचात, मला का सांगत नाही?”

ते जरा ओशाळले. “मॅडम, तुमी इचारता, फवारलं न्हाई ना? मंग मानूस न्हाईच म्हनतंय. दत्ताभाऊ आल्याबरोबर वाफ्याच्या कडंला उकिडवे बसायचे अन् इचारायचे, ‘कवा फवारलं?’ त्यास्नी ठावंच असायचं, पीक जाईल म्हनून मानसाला भ्या वाटतंय. रागवायचे न्हाईत.”

एवढंच होतं तर! इतकी वर्षं मला वाटायचं, यानं लोकांवर काय जादू केलीये. मी खाली उकिडवी बसले. गुडघे दुखतात माझे, तरी बसले.

“कवा फवारलं, भगवानराव?”

त्यांनी हाताशी आलेलं एक पान उलटवून पाहिलं. मग म्हणाले, “शनिवारी. लाल कोळ्यानं पानांवर लई जाळं धरलं होतं, बघवंना.”

मला हवं ते उत्तर मिळालं. पण सांगताना भगवानराव माझ्याकडे बघत नव्हते. वाफ्याच्या कडेला, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून सांगत होते.