बांगड्यांच्या पेटीतलं रक्त

माह्यी बायको सुरय्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासते अन् मी आठवडी बाजारात बांगड्या विकतो. लोक मले 'रक्तवाल्या बाईचा नवरा, बाबूभाई' म्हणून ओळखतात. आधी याचा राग यायचा, आता नाई येत. काऊन नाई येत, ते सांगतो.

सुरय्याच्या लॅबमध्ये एक रीत आहे. झाडूवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणीही म्हणावं, हे काम असं करून पाहू. ती नाई म्हणत नाई. अन् ज्याचा बेत फसला, त्याले त्या दिवशीचा पहिला चहा तिच्या हातचा. मलेरियाच्या काचपट्ट्यांवरचं रक्त मुंग्या खाऊन जायच्या. तिथल्या सफाई कामगारानं, सुकलूनं, टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंग्या थांबल्या, पण वाट्यांत डास झाले, तेही मलेरियाच्या लॅबमध्ये. सुकलूले चहा भेटला. मंग त्यानंच पाण्यावर गॅरेजचं जळकं ऑईल टाकलं, अन् आता आजूबाजूच्या दवाखान्यांतही तशाच वाट्या आहेत. मी म्हणायचो, हे सरकारी खातं आहे का चहाची टपरी?

मागचा हिवाळा. वडश्याकडं नाटकांचा मोसम, गावोगाव पाहुण्या बाया, माहा धंदा जोरात. जंगलातल्या एका बाजारात बायनाबाई नातीले घेऊन आली. करिष्मा नाव, लहानशी पोरगी, सिकलसेलवाली. बांगड्या भरायले मी तिचा हात धरला तं कोपरात सुयांचे निळे डाग. बायनाबाई म्हणाली, "रक्त नेतात, मंग म्हणतात खराब झालं, पुन्हा द्या. आता एकडाव देईन. तेही खराब झालं तं सुई बंद."

सुई बंद म्हणजे औषध बंद, कारण रक्त तपासल्याबिगर ते औषध देता येत नाई. अन् करिष्माचा बाप, बायनाबाईचा पोरगा, त्याच बिमारीनं गेलेला.

माहं डोकं सरकलं. घरी आलो अन् जोडे न काढता सुरय्यावर उखडलो. "तुमचं खातं लेकरांचे हात फोडून राह्यलं." आमच्या घरात हिंदी चालते, पण भांडण असलं की ती मराठीवर येते. त्या दिवशी मराठीतच बोलली, पण भांडली नाई. म्हणे, "मोटरसायकलवर हिंदकळून नळीतलं रक्त फुटते, त्यातल्या पेशी तुटतात, मंग मशीन भलताच आकडा सांगते. रस्ता तोच, खड्डे तेच. मंग तुमच्या काचेच्या बांगड्या काऊन नाई फुटत?"

आता या बाईले काय म्हणावं? मी सांगतलं, मी पेटी माह्या मोटरसायकलले आवळून बांधत नाई. मागं लावलेल्या लोखंडी चौकटीत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी टांगतो.

"उद्या पेटी मले द्या," म्हणे.

"अन् बांगड्या माह्या डोक्यावर ठेवू?"

पेटी गेलीच. तिनं आत थंड डबा बसवला, रक्ताच्या नळ्या ठेवल्या अन् जंगलातून फिरवून आणायले मलेच पाठवलं. पहिल्या खेपेले रक्त आणखीनच फुटलं. बांगड्यांनी पेटी जड राहते, नळ्यांनी हलकी झाली, तं रबर तिले चेंडूवानी उडवे. सगळ्यांसमोर पहिला चहा माह्या हातात. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुकलू म्हणाला, "घ्या भाऊ, आता तुम्ही आमच्यातले."

मंग पेटीत वाळूची थैली टाकली, पट्ट्या दुहेरी केल्या, पुन्हा गेलो, पुन्हा गेलो, रक्त न फुटता येईपर्यंत. दर खेपेले ताजं रक्त लागे. "कोणाचं आहे हे?" विचारलं तं सुरय्या म्हणे, "आहे एका देणाऱ्याचं. तुम्ही गाडी पाहा."

करिष्माच्या त्या शेवटच्या सुईची नळी मीच आणली. मशीन चालून राह्यली होती तेवढा वेळ मी भिंतीले टेकून उभा होतो. सुरय्यानं आकडे पाह्यले अन् म्हणाली, "चांगलं आहे. औषध चालू राहील." मले रडू आलं, सांगायले लाज नाई.

मोठ्या डॉक्टरांनी बाकी केंद्रांसाठी तशाच चौकटी करायले सांगितल्या. सुरय्यानं त्याहिले एवढंच म्हटलं, कोणाले यात बदल करून पाहायचा असंल तं अडवू नका.

पुढच्या बाजारात बायनाबाई आली. करिष्माले हिरव्या बांगड्या भरल्या. मंग म्हणते, "अशाच तुमच्या बाईसाठी बांधा, माह्याकडून. माप माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. खोटंच बोललो. लॅबमध्ये हातमोजे चढवावे लागतात म्हणून ती बांगड्या घालत नाई. बाजारात सारा दिवस दुसऱ्या बायांचे हात धरतो, पण तिचा हात धरून कैक वर्षांत भरल्या नव्हत्या.

सांजच्याले तिले समोर बसवलं अन् बाही वर सारली. दोन्ही कोपरांत डाग होते, करिष्माच्या हातापेक्षा जास्त.

"हे काय?"

"दर खेपेले दुसऱ्या कोणाले टोचू?" म्हणाली.

 एक-एक करून बांगड्या भरल्या, अन् एकही फुटू देली नाई.