शेवटचा नंबर धनश्रीचा

सुरतेजवळच्या उधन्यात मालतीबाईला दोन कामांसाठी ओळखत. एक, बारा लूमवाल्यांचे डबे आणि त्या डब्यांतली कळण्याची भाकरी. दुसरं, बन्सीलालच्या हातून माणसं सोडवणं. पहिल्या कामावर घर चालायचं. दुसऱ्या कामावर मालतीबाई जगायची.

बन्सीलाल कुणी गुंड नव्हता, सावकारही नव्हता. तो सरकारी कचेरीच्या भिंतीला टेबल लावून बसायचा. शिरपूरकडचाच, आपल्या बोलीतला, येताजाता ‘वैनी’, ‘भो’ करणारा. उत्पन्नाचा दाखला, रेशन, विधवेची पेन्शन, दुकानाचा परवाना, सगळ्याचे अर्ज तो लिहून द्यायचा. मग सरकारने सगळं ऑनलाइन केलं. लोक म्हणाले, आता या टेबलवाल्यांची पोटं जाणार. कुठली जातात! खिडकी बंद झाली, कारकून दिसेनासा झाला, पण बन्सीलालने लॅपटॉप आणला आणि त्याचं टेबल होतं त्याहून दोन वीत लांब झालं.

त्याची सगळी करामत एका ओळीत होती. अर्जात ‘मोबाइल नंबर’ अशी ओळ आली की तो स्वतःचा नंबर टाकायचा. आधार काढताना तोच, रेशनला तोच, पेन्शनलाही तोच. लोकांना यात काही खोट दिसत नव्हती, उलट उपकारच वाटायचे. तेव्हा निम्म्यांकडे फोन नव्हते आणि ज्यांच्याकडे होते ते नवी स्कीम आली की सिम फेकून द्यायचे. “भाऊना नंबर शे ना, मंग भाऊच देखी,” असं म्हणून माणसं निश्चिंत घरी जायची. सुरतेत येऊन यंत्रं चालवायला शिकलेली ही शहाणी माणसं आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला लटकवून आली होती, आणि वर त्याला चहा पाजत होती. पुढे कुठलंही काम काढलं की ओटीपी जायचा बन्सीलालच्या फोनवर, आणि माणूस पुन्हा त्याच्या टेबलासमोर.

मालतीबाईही त्यातलीच. तिचा नवरा राघो लूमवर होता, छातीच्या दुखण्याने गेला. घरातले सगळे कागद बन्सीलालनेच केलेले.

तीन वर्षांपूर्वी तिची मुलगी धनश्री बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी पास झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म तिने कॉलेजजवळच्या दुकानात भरला, आणि बन्सीलालला झोंबलं ते नेमकं हेच. शेवटच्या दिवशी आधारची खात्री करायला ओटीपी लागला. तो कुणाच्या फोनवर जाणार, हे सांगायला नको. मालतीबाई पोळपाटावरची भाकरी तशीच टाकून धावली. बन्सीलाल बशीत चहा ओतून पीत होता. फोन टेबलावर उताणा पडलेला. धनश्री दुकानातून पुन्हा पुन्हा ओटीपी मागवत होती आणि मालतीबाईच्या डोळ्यांदेखत तो फोन उजळत होता, विझत होता.

“उना नही, वैनी,” बन्सीलाल म्हणाला. आला नाही.

“भाऊ, तो देखा, फोन पेटना!”

“तो कंपनीना मेसेज शे. तुमना उना नही.” आणि त्याने बशी पुन्हा ओठाला लावली. “दुकानवर भरा ना फॉर्म? मंग दुकानवालालेच विचारा.”

पाच वाजले आणि पान बंद झालं.

धनश्री आता साड्यांना खडे चिकटवण्याच्या कारखान्यात जाते. तिच्या बोटांना कायम गोंदाचा वास असतो.  आईच्या पोटात जो निखारा पडला तो विझला नाही. मालतीबाई रोज सकाळी पीठ मळताना बन्सीलालच मळायची.

त्या वर्षी श्रावणात कानबाईच्या रोटांना बसली असताना तिने मनात नवस बोलला. बन्सीलालच्या नंबरात अडकलेलं एकेक घर मी सोडवीन. त्याचं टेबल उठेल त्या दिवशी शेवटचा नंबर माझ्या धनश्रीचा बदलीन, आणि मग तुझी खणानारळाने ओटी भरीन. आधी गाव जेवलं पाहिजे, घर शेवटी. तसा हा हिशेब तिने देवीपुढे मांडला.

सातवी शिकलेली बाई. मराठी चांगलं वाचता यायचं, गुजराती अडखळत, इंग्रजीतले नुसते आकडे. पण आधार केंद्राची वाट तिला पाठ झाली. डबे पोचवून अकराला मोकळी झाली की ती रोज एका घरात जायची. “तुमना कागदवर नंबर कोना शे?” एवढंच विचारायची. मग त्या माणसाला हाताला धरून केंद्रावर न्यायची, अंगठा टेकवायला लावायची आणि त्याचा स्वतःचा नंबर टाकून घ्यायची.

पहिला सुटला उखा. चाळीस वर्षं सूत ओढून म्हाताऱ्याच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. यंत्र त्याला ओळखायला तयारच होईना. तीन वेळा परत आले. चौथ्या वेळी मालतीबाईने सकाळी त्याचे हात कोमट पाण्यात बुडवून ठेवले, वर खोबरेल चोळलं, आणि यंत्राने अंगठा घेतला. उखाच्या फोनवर आयुष्यातला पहिला ओटीपी आला तेव्हा तो म्हातारा केंद्रात उभा राहून सगळ्यांना दाखवत सुटला. केंद्राची पावती मालतीबाईने मागून घेतली आणि घरी देव्हाऱ्याशेजारी तारेला टोचली. मग त्या तारेवर पावत्या चढत गेल्या. अंगठा उठवायची तिची हातोटी पलीकडच्या सचिन गावापर्यंत गेली. तिकडची माणसंही तिला शोधत यायला लागली.

बन्सीलालच्या टेबलासमोरची रांग आखडली, हे ती रोज मुद्दाम त्या रस्त्याने जाऊन पाहून यायची. तिला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटायचं.

धनश्री एकदा म्हणाली होती, “मम्मी, सगळ्यांचे करतेस, माझा करून टाक ना आधी.”

“तुन्हा शेवटले. त्याना छातीवर पाय ठेईसन करसू.”

“पण मला लागला तर?”

“तुले कसाले लागस आते?” मालतीबाई म्हणाली. 

आणि यंदा जून महिन्यात देवीने, की दैवाने, बन्सीलालला तिच्या दारात आणून उभं केलं.

झालं असं, की उधना स्टेशनच्या गर्दीत बन्सीलालचा फोन चोरीला गेला. फोन गेल्याचं त्याला काही नव्हतं, नंबर पाहिजे होता. तो कंपनीच्या दुकानात गेला. तिथल्या पोरीने विचारलं, हे सिम तुमच्या नावावर कुठंय? हे तर राघो सुखदेव पाटील यांच्या नावावर आहे. बन्सीलालला आठवलं. सोळा वर्षांपूर्वी, सिम कुणाच्याही झेरॉक्सवर मिळत होतं तेव्हा, त्याने टेबलावर पडलेली राघोच्या रेशनकार्डाची झेरॉक्स लावून ते घेतलं होतं. ज्या नंबरात त्याने अर्धं उधना बांधून ठेवलं, तो नंबर मालतीबाईच्या मेलेल्या नवऱ्याचा निघाला. करावं तसं भरावं म्हणतात, पण इतकं नेमकं भरलेलं कुणी पाहिलं नसेल.

पेढ्यांचा पुडा घेऊन तो आला. “एक सहीनं काम शे, वैनी. वारस म्हणून.”

मालतीबाईने पुडा ठेवून घेतला. राघोच्या मृत्यूचा दाखला तेवढा तिने स्वतःच ऑनलाइन काढला होता, तो घेऊन ती दुकानात गेली आणि नंबर स्वतःच्या नावावर करून घेतला. सिम बन्सीलालला दिलं नाही. आपल्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं.

त्या दिवसांत बन्सीलालला घाई कशाची होती, तेही तिने काढून आणलं. सरकार वस्तीवस्तीत सेवा केंद्रं देणार होतं, पाटी आणि कॅमेऱ्यासकट. उधन्याच्या केंद्रासाठी बन्सीलालने अर्ज भरला होता. एकदा ती पाटी लागली की सगळी सुटलेली माणसं पुन्हा त्याच्याच दारात. अर्ज पक्का करायला शेवटचा ओटीपी त्याच जुन्या नंबरावर येणार होता. स्वतःचा नंबर बदलायला त्याला वेळ होता, पण मालतीबाईने “आज देसू, सकाय देसू” करत त्याला आठ दिवस झुलवलं. लोकांना हेलपाटे घालायला लावणारा माणूस आठ दिवस तिच्या ओट्याला हेलपाटे घालत राहिला.

शेवटच्या दिवशी साडेचारला तो लॅपटॉप काखेत मारून आला. ओट्यावर बसला, पान उघडलं.

“सिम राहू द्या तुमनाजवळच, वैनी. फक्त आकडा सांगा.”

“बठा, भाऊ. चहा ल्या.” मालतीबाईने त्याला चहा दिला, बशीसकट. फोन पिठाच्या डब्याच्या झाकणावर उताणा ठेवला.

बन्सीलालने बटण दाबलं. फोन उजळला. तिने पाहिलं, इंग्रजी ओळी आणि सहा आकडे. तिच्या अंगातून कसलंसं ऊन वाहून गेलं. तीन वर्षं जे शब्द तिने दाताखाली धरले होते ते ती सावकाश बोलली.

“उना नही, भाऊ.”

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा उजेड. “उना नही.”

मग धनश्रीचा फोन आला. मालतीबाईने कापला, आत्ता नको. लगेच आणखी एक मेसेज उजळला. अजून दाबतोय मेला, असं तिला वाटलं. धनश्रीचा फोन पुन्हा आला, पुन्हा कापला. आणखी मेसेज. बन्सीलाल हात जोडून बसला होता, त्याचा चहा बशीत गार पडला होता. पाचला दहा कमी. धनश्रीचा तिसरा फोन. तिसऱ्यांदा कापला. जन्मात एकदा येणारा हा सोहळा, त्यात कारखान्यातून पोरगी भाजी काय आणू म्हणून विचारणार असेल.

“वैनी, पाय धरस तुमना. तो देखा, पेटना!”

“तो कंपनीना मेसेज शे,” मालतीबाई म्हणाली.

पाच वाजले. लॅपटॉपवरचं पान बंद झालं.  बन्सीलाल लॅपटॉप मिटून उठला आणि पायरीवर थांबून मान खाली घालून बोलला, “त्या दिन उना व्हता, वैनी. धनश्रीना ओटीपी उना व्हता.”

“माले माहीत शे,” ती म्हणाली.

तो गेला. मालतीबाईने देव्हाऱ्यातली कानबाई पुसली, साखरेची वाटी भरली. नवस फिटला होता. उद्या सकाळी धनश्रीचे हात कोमट पाण्यात ठेवायचे, गोंद काढायचा, तेल चोळायचं आणि केंद्रावर न्यायचं. आल्यावर ओटी भरायची. तिने मनातल्या मनात खणाचा रंगसुद्धा ठरवला.

सव्वासहाला धनश्री आली. चपला काढल्या नाहीत, दारातच उभी राहिली.

“मम्मी, तू फोन का कापत होतीस?”

मालतीबाईने तिला हाताला धरून आत ओढली. वाटीतली साखर तिच्या तोंडाशी नेत बशीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सगळं सांगितलं. किती वेळा फोन उजळला, ती कशी ‘उना नही’ म्हणाली, तो कसा पाया पडायला आला. सांगताना ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

धनश्रीने साखर घेतली नाही. तिने आईचा फोन उचलला आणि मेसेज उघडले. तिला इंग्रजी येत होतं.

“पाच आहेत,” ती म्हणाली.

“पाचदा दाब्या ना त्यानी!”

“दोनदा. हे दोन त्यांचे आहेत.” धनश्रीने फोन आईसमोर धरला. “हे तीन माझे.”

मालतीबाईला काही कळलं नाही. तिने आकडे पाहिले. तिला सगळे सारखेच दिसत होते.

“नर्सिंगचा फॉर्म होता, मम्मी. वयात बसत होतं अजून. तीन दिवस साइट चालत नव्हती, आज शेवटच्या दिवशी चालली. कारखान्यातून अर्धी सुट्टी घेतली. भरून झाला की पेढे घेऊनच येणार होते, म्हणून आधी सांगितलं नाही.”

मालतीबाईच्या हातातली वाटी तशीच वर राहिली. उद्या सकाळी केंद्र किती वाजता उघडतं, हे ती उगाच आठवू लागली.

“दुकानवाला म्हणत होता, राहू दे बेन, पाच मिनिटं उरलीत,” धनश्री म्हणाली. “मी म्हटलं, थांबा काका, यंदा नंबर आमच्या घरातच आहे.”