पंपिंग फर्स्ट क्लास

अमळनेरात लग्नाचे मांडे म्हटले की ताईबाईच. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत पातळ करायची आणि पेटत्या चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायची, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ऑर्डरी घ्यायचा तिचा नवरा, रुपचंद आचारी.

गेल्या वर्षी तिला चुलीपुढे दम लागायला लागला. आडवी झाली की जीव घाबरा व्हायचा. रुपचंदने तिला जळगावला नेऊन हृदयाचा इको काढला. ती आत लुगडं सावरत होती तोवर हा एकटाच डॉक्टरांशी बोलून आला आणि म्हणाला, पंपिंग फर्स्ट क्लास आहे. झालं! मग ती जरा टेकली की भर मांडवात हा सगळ्यांना ऐकवायचा, पंपिंग फर्स्ट क्लास आहे, नुसती नाटकं करते. बायका फिदीफिदी हसायच्या. आणि ही बाई इतकी भोळी, की आपल्याच अंगात आळस शिरलाय असं तिला खरंच वाटलं. पद्मालयाच्या गणपतीला जाऊन नवस बोलली, देवा, माझा आळस जाऊ दे. रुपचंद शेजारीच हात जोडून उभा होता, बरं का!

यंदाच्या चैत्रात एरंडोलच्या एका लग्नात ती खापरापुढेच कोसळली. भाची हेमांगीने गाडी केली आणि तिला थेट त्याच डॉक्टरांकडे नेलं.

"पंपिंग चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण हृदय आवळल्यावर पुन्हा सैलही व्हायला हवं, तेव्हा त्यात रक्त भरतं. तुमचं हृदय बीपीने ताठर झालंय. ते सैल पडत नाही, नीट भरत नाही, आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. म्हणून हा दम. बीपीच्या गोळ्या, मीठ कमी, चुलीपुढचं काम बंद, हे सगळं मी गेल्या वर्षीच तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं."

कसल्या गोळ्या! घरात एक पाकीट आलं नव्हतं. आजाराचं ताईबाईला तेवढं वाटलं नाही. पण ज्याच्या शब्दावर आपण देवापुढे आळशी ठरलो, त्याला सगळं ठाऊक होतं, हे तिच्या जिव्हारी लागलं.

संध्याकाळी रुपचंद दवाखान्यात नारळपाणी घेऊन आला.

"माले काबर सांगं नही?" तिने विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "लगीनसराई व्हती ना."

वर पुन्हा समजावणीच्या सुरात सांगू लागला, की आखाजीच्या लग्नांची ऑर्डर घेतलीय, या खेपेला तिला बसायला स्टूल देऊ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या खान्देशातल्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात, मग नवरे त्यांना घ्यायला येतात. याच्या ऑर्डरींपायी ताईबाई लग्नानंतर एकदाही गेली नव्हती.

तिने नारळ बाजूला ठेवला.

"मी आखाजीले माहेर जाई ऱ्हायनी," ती म्हणाली. "माले लेवाले येऊ नका."