भावजींच्या खुर्चीचा डबा

"एक तर हे कुत्रं या घरात राहील, नाही तर मी!"

भावजी, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, असे ओरडले तेव्हा भिंतीपलीकडे मी उशीला अभ्रा घालत होते. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही नावापुरती. कान काही मी मुद्दाम लावला नव्हता, पण काढूनही घेतला नाही.

"मग तुमच्या कपड्यांच्या घड्या करू का?" वन्सं शांतपणे म्हणाल्या.

"थट्टा नकोय. दिवसभर तुझं काज, रात्रभर त्याची खाज! कारखान्याच्या पहारेकऱ्याशी बोललोय मी. तो न्यायला तयार आहे."

"हिवाळा संपेपर्यंत थांबा. तोवर खाज गेली नाही, तर मीच साखळी देईन त्याच्या हातात."

वन्सं शिंप्याच्या दुकानासाठी काज-बटण करायच्या. शर्ट फाटेल, पण त्यांचं काज उसवणार नाही. स्वभावही त्याच शिवणीचा. आणि ठोंब्या हा त्यांचा तपकिरी कुत्रा, नावासारखाच. शेपटीवरचे केस गेलेले, पोट लालभडक, पंजे चावून चावून ओले. वन्संनी आधी तेल चोळून पाहिलं. त्यानं ते चाटून साफ केलं आणि आणखी मागायला आला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तंबी दिली, "घरचे प्रयोग बंद."

मग पिसवांचं औषध मानेवर. चादरी उकळत्या पाण्यात. कान पुसून त्यात थेंब. जरा उतार पडला, पण खाज हटेना. तेव्हा बाई म्हणाल्या, "खाण्यातलं काही त्याला सोसत नसेल. त्यानं कधीच न खाल्लेलं द्यायचं. उकडलेला मासा आणि लाल भोपळा. दोन महिने. दुसरा कण नाही."

"कण म्हणजे कणच ना?" वन्संनी विचारलं.

"कणच."

झालं, वन्संनी कंबर कसली. पण खाज चार दिवस कमी, की पुन्हा खरखर सुरू. हिवाळा सरत चाललेला. बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोण भरवतं?"

"छे, कोण भरवणार!" वन्सं म्हणाल्या. मी सोबत होते; परतताना वाटेत मात्र त्यांनी घरातली माणसं बोटांवर मोजून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी परत द्यायला गेले. भावजी न्याहारीला बसलेले, वन्सं शिवण घेऊन समोर. एक बटण टेबलाखाली पडलं. ते उचलायला वन्सं वाकल्या आणि तशाच राहिल्या. म्हणून मीही वाकून पाहिलं. भावजींच्या हातात दुधात बुडवलेला पाव, आणि त्यांच्या गुडघ्यावर ठोंब्याची हनुवटी.

"अहो!"

"मी... रुमाल शोधत होतो."

"ठोंब्याच्या तोंडात?"

भावजी लालबुंद झाले. "मासा नि भोपळा, मासा नि भोपळा! मी खायचं आणि त्यानं बघत बसायचं?"

"आणि हाकलायलाही तुम्हीच निघालात?"

"बघवत नाही गं मला," ते पुटपुटले. "तो तिकडे तडफडतो आणि मी छताकडे बघत पडतो."

मला वाटलं, आता भांडी उडणार. मी वाटी पदराआड धरली. पण वन्सं स्वयंपाकघरात गेल्या. माशाचे बारीक तुकडे कडक भाजून डब्यात भरले, डब्याला दोरी बांधली आणि तो भावजींच्या खुर्चीला टांगला.

"भरवायचंय ना? यातलं भरवा. माया करा, पण पाव नको. आजपासून पुन्हा दोन महिने."

"वन्सं, हिवाळा तर संपत आला की," मी म्हटलं.

"मग हिवाळ्याला म्हणावं, थांब जरा."

भावजींनी विचारलं, "आणि पहारेकऱ्याला काय सांगू?"

"बायकोपासून जे लपवलंत, ते सांगा."

आणि त्यांनी जाऊन सांगितलं! माशाच्या वासानं जिन्यातली सगळी मांजरं दाराशी हजेरी लावू लागली, पण वन्सं बधल्या नाहीत. हळूहळू पोटाचा लालपणा गेला, शेपटीवर लव आली. खात्रीसाठी बाईंनी पुन्हा थोडा पाव द्यायला सांगितला, तर ठोंब्या लगेच पंजे कुरतडायला लागला. त्या दिवसापासून भावजींनी स्वतःच्या बशीतलाही पाव बंद केला.

पुढे कुणाचं मांजर खाजवायला लागलं, की लोक वन्संकडे यायचे. "आधी डॉक्टरीणबाईंकडे न्या," त्या सांगायच्या, "आणि कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, जीव जाईल." मग हळूच विचारायच्या, "घरात मायाळू कोण आहे?"

गेल्या साली छातीत कळ येऊन वन्सं गेल्या. त्या सकाळीही त्या ठोंब्याला फिरवून आल्या. म्हातारा झाला होता तो, जिना चढताना थांबायचा, त्याही थांबल्या. दारात ओल्या फडक्यानं त्याचे पंजे बोटांमधून पुसले, कोरडे केले. भाजलेला मासा डब्यात भरला, झाकण दाबून पाहिलं, डबा खुर्चीला टांगला.

"अहो, भरलाय बरं का."

"हं," भावजी म्हणाले. मान वर्तमानपत्रातच होती, हात मात्र डब्याकडे गेला.